फुलावर विकलेली पेन्शन

आमच्या घरात फ्रिज आला त्याच्या कितीतरी आधी फ्रिजमध्ये काय ठेवायचं नाही याची यादी तयार होती. हे मी कौतुकाने सांगत नाही. आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, तेव्हा मीच आधी सांगून टाकलेलं बरं. किराण्याची यादी, उन्हाळी कामांची यादी, लग्नात कोणाला काय दिलं याची यादी आणि या सगळ्या याद्या कुठे ठेवल्या आहेत याची एक यादी. ती शेवटची सापडत नाही, एवढीच अडचण आहे.

असा स्वभाव असलेल्या बाईने पोस्टाच्या अल्पबचतीची एजंटगिरी करावी हे ठरूनच गेलं होतं. मी मूळची नागपूरची, लग्न होऊन पांढुर्ण्याला आले. हे रेल्वेत बुकिंग क्लार्क, राहायला रेल्वेचं क्वार्टर. मुलगा शाळेत जायला लागला तशी मी रेक्झिनची बॅग घेऊन बाहेर पडले. काम सोपं आहे. लोकांनी पोस्टात पैसे ठेवावेत म्हणून त्यांच्या मागे लागायचं, त्यांचे फॉर्म भरायचे, पैसे जमा करून त्यांना पासबुक किंवा बचतपत्र आणून द्यायचं आणि त्यावर सरकार देतं ते थोडंसं कमिशन घ्यायचं. गाव मला ‘पोस्टवाली बाई’ म्हणतं, त्यामुळे मनिऑर्डर उशिरा आली म्हणून भर बाजारात बोलणी खाण्याचं कामही माझ्याकडेच आहे. ते बिनकमिशनचं.

मार्च महिना आमचा सुगीचा. फेब्रुवारी संपेपर्यंत ज्यांना मी समोरून येताना दिसत नाही, त्यांना मार्चमध्ये मी रेल्वे फाटकापलीकडूनही ओळखू येते. सगळ्यांना इन्कमटॅक्स वाचवायचा असतो आणि तो एकतीस तारखेच्या दुपारीच वाचवायचा असतो. एका डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावून, कंपाउंडरला बाहेर पाठवून, दार लावून विचारलं होतं, “बाई, माझी थोडी फी संत्र्यात दाखवता येते का?” शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नसतो, तेव्हा आमच्या भागात प्रत्येकाला आपली कमाई झाडालाच लागलेली असावी असं वाटतं. मी विचारलं, “झाडं किती आहेत तुमच्याकडे?”

“दोन,” डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून, “त्यातलं एक लिंबाचं हाय.”

पण खरी गोडी मला लागली ती निवृत्त होणाऱ्या माणसांची. आमच्याकडे माणूस निरोपाच्या दिवशी शाल-नारळ हातात पडेपर्यंत निवृत्तीचा विचार करत नाही. नोकरीभर फंड कापला जातो, तो किती झाला माहीत नसतं. वारस म्हणून नाव कोणाचं, तर लग्नाआधी आईचं लिहिलं ते तसंच. सर्व्हिस बुकात जन्मतारीख एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. हे सगळं नोकरीच्या शेवटच्या वर्षी निस्तरायचं, पुढे हातात येणाऱ्या रकमेची सोय लावायची, कशावर टॅक्स लागतो आणि कशावर नाही ते पाहायचं. फंडावर नाही, ग्रॅच्युइटीवर नाही, दरमहा मिळणाऱ्या पेन्शनवर मात्र पगारासारखाच लागतो. यादी करणाऱ्या माणसासाठी याहून मोठा सण नाही. मी एक ‘निवृत्तीपूर्व यादी’ तयार केली, छापखान्यातून छापून आणली आणि लग्नपत्रिकेसारखी वाटत सुटले. प्रत्येक कलमापुढे खूण करायला चौकोन होता. नववं कलम होतं, ‘घर – जमल्यास’. ते ध्यानात असू द्या. माझ्या ध्यानात ते फार उशिरा आलं.

माझं दुसरं भांडवल म्हणजे संत्र्याची भाषा. सुरुवातीला मी लोकांना चक्रवाढ व्याज समजावून सांगत असे. लोक ऐकून घेत आणि मग चहा विचारत. एकदा सावरगावात, म्हणजे नदीपलीकडे, एक म्हातारे बागायतदार सहा वर्षांचं बचतपत्र हातात धरून उलटसुलट पाहत होते.

“सहा वर्षं हे काहीच नाही देत?”

“नाही, काका. सहा वर्षांनी एकदम.”

“मंग त कायले घ्याचं याले? कागद हाय हा, गाय थोडी हाय, आज ना उद्या दूध देईन म्हणाले.”

त्यांच्या अंगणापलीकडे नवी लावलेली संत्र्याची कलमं दिसत होती. गुडघ्याएवढी, काट्या लावून बांधलेली. मी म्हटलं, “काका, या कलमांकडून तुम्ही पहिल्या वर्षी फळ मागता का?”

काकांनी कलमांकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं, आणि आत जाऊन पैसे आणले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हवा गेली. बचतपत्र म्हणजे कलम, दरवर्षी एक ओळ लावा, सहा वर्षांनंतर दरवर्षी एक ओळ फळावर येत जाईल. रिकरिंग खातं म्हणजे आळ्यातलं पाणी, थोडं थोडं पण चुकवायचं नाही. बँकेची ठेव म्हणजे उभं झाड. टॅक्स म्हणजे माकडं, त्यांच्यावर दगड मारत बसू नका, वेळेवर कुंपण घाला. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत मी जिथे जाई तिथे बाग लावत सुटले. एकाही झाडाला कधी हात लावलेला नव्हता. संत्री मी नागपुरातही डझनानेच घेत असे.

यादवराव गजभिये मला भेटले ते या ऐन भरात. सौंसरच्या एका सरकारी कचेरीत ते बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होते. मूळचे रामाकोन्याचे. आईवडील दुसऱ्यांच्या बागांत मजुरीला जायचे, घरातला पहिला पगार यादवरावांचा. मुलगी लग्न होऊन नागपूरला. इथे ते आणि शेवंताबाई, दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. शेतीचा तुकडा नाही, गावाकडे घराचा हिस्सा नाही. नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली होती. जुन्या फायलींची धूळ खाऊन दमा जडला होता. बोलण्याआधी खोकत, खोकला संपेपर्यंत समोरच्याने थांबायचं, अशी कचेरीची शिस्तच झाली होती.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले.

“जय भीम, बडेबाबू.”

“जय भीम, ताई. या. बसा.”

मी यादी दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, टाचणी काढून तिथे नीट टॅग ओवला आणि वर तारीख घातली. मला भरून आलं. इतक्या वर्षांत माझ्या यादीला इतक्या मानाने कोणी वागवलं नव्हतं.

शेवंताबाई चहा घेऊन आल्या. त्या लहानपणापासून लग्नापर्यंत आणि लग्नानंतरही काही वर्षं बागेत संत्री तोडायला, पेट्या भरायला जात. त्यांनी विचारलं, “क्वार्टर कधी खाली करा लागते, थे कुठं लिहिलं हाय याच्यात?”

“नवव्या कलमात घराचं आहे,” मी म्हटलं.

यादवरावांनी वाचून दाखवलं, “घर, जमल्यास.”

“जमल्यास म्हंजे?” शेवंताबाई म्हणाल्या. “अन् नाही जमलं त कुठं राहाचं? तुमच्या बॅगीत?”

मी हसले. मग सांगितलं की आधी पैशाची नीट व्यवस्था लावू, तोवर भाड्याने खोली घ्या, घराचं पुढे बघता येईल. शेवंताबाई हसल्या नाहीत. कप उचलता उचलता म्हणाल्या, “लहानपणी मालकाच्या बगीच्यातल्या झोपडीत होतो. काम संपलं का मालक म्हणे, निंघा. आता सरकार म्हणून राहिलं, निंघा. एक असं घर पाह्यजे ताई, जिथून मले कोणी निंघ म्हणू नाही शकत. बाकी तुमचे चौकोन तुम्ही भरा.”

मी ते ऐकलं आणि दहाव्या कलमाकडे वळले.

माझी योजना कागदावर फार सुरेख होती. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे काही बँकेत ठेवायचे, दरमहा व्याज येईल. उरलेल्यातून दरवर्षी थोडी बचतपत्रं, म्हणजे माझ्या कलमांच्या ओळी. पेन्शनला हात लावायचा नाही, ती पूर्ण घ्यायची, भाडं आणि किराणा त्यातून. यादवराव प्रत्येक चौकोनात लाल पेन्सिलीने खूण करत गेले. जूनअखेर ते निवृत्त झाले. क्वार्टर आणखी काही महिने वापरायची परवानगी मिळाली. नववा चौकोन रिकामा राहिला.

आणि मग सौंसरजवळ लोधीखेड्यात एक घर विकायला निघालं. गावाच्या कडेला दोन खोल्या, वर टिनपत्रे, पुढे मोकळं अंगण. मालकाला दसऱ्याच्या आत सगळी रक्कम रोख हवी होती. फंड मोडून ते घेता आलं असतं, पण मग आजारपणाला काही उरलं नसतं आणि आजार तर घरात खोकत बसला होता. यादवरावांनी दुसरी वाट काढली. पेन्शन विकायची.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सरकारी माणसाला पेन्शनचा तिसरा हिस्सा सरकारलाच विकता येतो. सरकार पुढच्या काही वर्षांचा हिशेब करून त्याची एकरकमी किंमत हातात देतं. त्या रकमेवर टॅक्स नाही. पण नंतर पंधरा वर्षं दरमहा पेन्शन तेवढी कमी. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर डॉक्टरी तपासणी लागत नाही, नंतर केला तर लागते. ती रक्कम त्या घराच्या किमतीच्या जवळपास जात होती. मी याच्या पूर्ण विरोधात होते. पेन्शन कमी झाली की माझी योजना पार विस्कटत होती. शिवाय घरात घातलेल्या पैशावर मला कमिशन नव्हतं. मी अगदी निःपक्षपाती होते, फक्त कमिशन एकाच बाजूला होतं.

यादवरावांनी बस कंडक्टरबरोबर निरोप पाठवला, “उद्या अर्जावर सही करून राहिलो. ताईले सांगजा.”

मी ताबडतोब डायरीत लिहिलं, ‘उद्या सौंसर, सकाळची बस.’ सकाळी बॅग उचलली तर हे दारात उभे.

“कुठं चालली?”

“सौंसरला. बडेबाबूंना थांबवायला.”

“अवं, पोळ्याचा दुसरा दिवस हाय आज. गोटमार हाय. पुरं गाव नदीवर गोटे मारून राहिलं अन् तू सौंसरले चालली? तुह्या यादीत गोटमार नाही का?”

नव्हती. पोळा होता, पुरणपोळीचं सामान होतं, गोटमार नव्हती. इतकी वर्षं पांढुर्ण्यात राहून जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर करतात ती दगडफेक मी दरवर्षी नव्याने विसरत असे. स्टँडवर एकही बस नव्हती. आसपासच्या गावांतली माणसं नदीकडे लोटली होती आणि मी एकटी बॅग छातीशी धरून उलट्या दिशेने चालले होते. “ओ बाई, नदी तिकडं हाय!” असं किती जणांनी मला समजावून सांगितलं. एकाने तर सहानुभूतीने विचारलं, “कोणाचं डोकं फुटलं का घरात?” शेवटी गावाबाहेर संत्र्याच्या रिकाम्या पेट्या घेऊन जाणारा एक ट्रक मिळाला. ड्रायव्हरने मला पुढे बसवलं. मागे पेट्या खडखडत होत्या आणि मी वाटेत काय बोलायचं याची यादी करत होते.

मृगाच्या बहाराचे, म्हणजे पावसाळ्यात धरलेल्या फुलोऱ्याचे, सौदे व्हायचा तो हंगाम होता. रस्त्याकडेच्या बागांत व्यापारी हिंडत होते, झाडाखाली उभे राहून वर पाहत होते. ते पाहून मला सुचलं, आणि मला वाटलं, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

यादवराव पाटावर अर्ज ठेवून बसले होते. शेवंताबाई तांदूळ निवडत होत्या. मी पाणीसुद्धा न पिता सुरू केलं.

“बडेबाबू, एक सांगते. पेन्शन विकणं म्हणजे बहार फुलावर विकणं. आज फुलं बघून व्यापारी हातावर पैसे टेकवतो, आणि उद्या सगळं फळ तो घेऊन जातो. फळ तुमच्या झाडाचं, आणि खाणार दुसरा. आता बोला.”

यादवरावांचा खोकला लांबला. मी थांबले. मला वाटलं, लागलं वर्मी.

खोकला संपला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. “ताई,” ते म्हणाले, “हे आधी नाही का सांगाचं? मी दोन रात्री विचार करून राहिलो, बरोबर का चूक. तुम्ही एका वाक्यात मोकळं केलं मले.” आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“अहो, थांबा! मी विकू नका म्हणतेय!”

“पण बहार त फुलावरच विकतेत ना, ताई,” शेवंताबाई तांदळातून मान वर न करता म्हणाल्या. “आमचा मालक दरवर्षी फुलावर विके. शहाणा होता.”

आता मला जे तेव्हा माहीत नव्हतं ते सांगते. आमच्याकडचा बागायतदार फुलोरा पाहूनच पुष्कळदा बाग व्यापाऱ्याला देऊन टाकतो. फुलाचं फळ व्हायला महिने जातात. मधे गळ होते, पाणी कमी पडतं, गारपीट एका दुपारीत बाग झोडपून जाते. हे सगळं मग व्यापाऱ्याच्या अंगावर. भाव कमी मिळतो हे बागायतदाराला कळत नाही असं नाही. डझनाने संत्री घेणाऱ्या नागपूरच्या बाईला मात्र तो मूर्खपणा वाटतो. मी ज्याला मूर्खपणाचं उदाहरण म्हणून उचललं होतं, ते इथल्या लोकांच्या लेखी शहाणपणाचं उदाहरण होतं. मी दगडफेकीच्या गर्दीतून वाट काढत, ट्रकने येऊन, त्यांना सही करायला पटवलं होतं.

“ताई, रागावू नका,” यादवराव म्हणाले. “मालक फुलावर विकते तवा तो फळ नाही विकत. घोर विकते. रोज उठून आभाळाकडे पाहाचा घोर. अन् माझं झाड पाहून राहिल्या ना तुम्ही?” त्यांनी छातीवर हात ठेवला. “याच्यावर कोणता व्यापारी बोली लावीन? सरकार लावून राहिलं. अन् थेही डॉक्टरले न दाखवता. गिऱ्हाईक आंधळं हाय तवरच सौदा करा लागते. वर्ष गेलं का डॉक्टर येईन, नळी लावून ऐकीन, मंग कोणी नाही घेत.”

“आणि तुम्ही जगलात तर?” माझ्या तोंडून निघून गेलं.

सुपातले तांदूळ थांबले. मी माझ्या बॅगेचं बक्कल लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

मग शेवंताबाईंनी शांतपणे विचारलं, “जगले त तोटा, असं म्हणून राहिल्या का, ताई?”

“म्हणजे... हिशेबाने तसंच आहे.”

“कितीक वर्षं जगले म्हंजे तोटा होते?”

हिशेब विचारला की मला राहवत नाही. मी डायरी काढली, भागाकार केला. “दहा-अकरा वर्षं. तोवर विकलेलं फिटतं. त्याच्यापुढे प्रत्येक महिना तोट्याचा.”

“मंग होऊ द्या ना बाप्पा तोटा,” शेवंताबाई म्हणाल्या आणि सूप पाखडायला लागल्या. “एवढा मोठा तोटा कोणाच्या नशिबात असते?”

यादवरावांनी सही केली. साक्षीदार म्हणून खाली दुसरी सही लागत होती. ती मी केली. निदान तिथे तरी माझा काही उपयोग झाला.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा हे ओसरीत बसले होते. नदीवरून परतणारे लोक अजून रस्त्याने जात होते, कोणाच्या डोक्याला फडकं, कोणाच्या हाताला.

“काय झालं? थांबवलं का बडेबाबूले?”

“मीच सही करायला लावली.”

यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुह्या डोक्याले कोणता गोटा लागला?”

दसऱ्याच्या आधी घर झालं, शेवंताबाईंच्या नावावर. त्या दिवशी मला बोलावणं होतं. दारात उभं राहून त्यांनी मला अंगण दाखवलं. पुन्हा माझं डोकं चाललं. “इथे एक संत्र्याचं झाड लावा,” मी म्हटलं. “बडेबाबूंच्या निवृत्तीची आठवण. सहा वर्षांनी तुमची बचतपत्रं फळतील आणि झाडही.”

“नको बाप्पा,” शेवंताबाई म्हणाल्या. “सावली करते थे. मिरच्या कुठं वाळवू?”

त्या अंगणात आजवर झाड नाही. मिरच्या, कुरड्या, पापड आणि एक खाट आहे.

त्या खाटेवर यादवराव बसत. पहिल्या पावसाळ्यात त्यांचा दमा फार वाढला. मी गेले की ते बोलत नसत, बोटाने विचारत, कसं काय. शेवंताबाई पाठ चोळत. मी बसून यायचे, बॅग न उघडता. परतताना बसमध्ये मला तो भागाकार आठवायचा आणि वाटायचं, त्या दिवशी डायरी घरी राहिली असती तर बरं झालं असतं.

पण रेकॉर्ड रूम मागे राहिली होती. धूळ मागे राहिली होती. दुसऱ्या पावसाळ्यात दमा कमी झाला, तिसऱ्यात यादवराव स्टेशनापर्यंत फिरायला जाऊ लागले. आता ते बोलण्याआधी खोकत नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं मधेच कुठून सुरू होतं ते लोकांना कळत नाही. कचेरीतले जुने सहकारी अजून थांबून राहतात.

दर महिन्याला ते पेन्शन आणायला सौंसरला जातात आणि मी त्या दिवशी तिथे असले तर मला गाठतात. “ताई, घेतलं बरं का सरकारने या महिन्याचंही. वसुली बरोबर करून राहिलं. एक महिना चुकत नाही.” अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, सरकार त्यांच्याकडे नोकरीला आहे.

त्यांच्या बचतपत्रांची पहिली ओळ या वर्षी फळावर आली. माझी भाषा निदान तेवढ्यापुरती खरी ठरली. पैसे घ्यायला दोघंही पोस्टात आले होते. काउंटरवर गर्दी होती. यादवराव बाकावर बसून उरलेल्या बचतपत्रांच्या ओळी मोजत होते आणि शेवंताबाईंनी पिशवीतून औषधाची बाटली काढली होती.

“घ्या.”

“आता कायले? बरा त हाय मी.”

“घ्या म्हटलं ना. औषध नाही घेतलं त फायद्यातच जासान.”

बाकावरचे दोघं-तिघं वळून पाहायला लागले. त्यांना काय समजलं असेल कोणास ठाऊक. यादवरावांनी मुकाट्याने औषध घेतलं, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “अजून चार-पाच वर्षं, ताई. मंग पक्का तोट्यात.”

संत्र्याची भाषा मी सोडलेली नाही. पोटापाण्याची भाषा आहे. पण आता कोणालाही काही सांगण्याआधी मी विचारते, तुम्ही बहार फुलावर विकता की फळावर? आणि उत्तर ऐकेपर्यंत गप्प बसते. हे शिकायला मला बराच वेळ लागला. यादी संपली की पुन्हा छापून आणावी लागते, तशी गेल्या वर्षी आणली. घर आता पहिल्या कलमात आहे आणि ‘जमल्यास’ काढून टाकलंय. नवी यादी टेबलावर पडलेली पाहून यांनी ती उचलली. यांचीही निवृत्ती फार लांब नाही. चष्मा पुढे ओढून पहिलं कलम वाचलं, मग रेल्वेच्या क्वार्टरच्या छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अवं, आपल्याले कधी निंघ म्हणन रेल्वे?”

मी उठून चहा टाकला.

त्या चौकोनाचं काम आता सुरू आहे. दिवाळीच्या आधी नवी डायरी घेतली की मी पहिल्या पानावर वर्षभराची मोठी कामं लिहून काढते. या वर्षी सगळ्यात वर आमचं घर आहे. त्याखाली गिऱ्हाइकांची नावं, कोणाची मुदत संपते, कोणाचा टॅक्स, कोणाचा फंड. आणि यादवरावांच्या नावापुढे मी गेली कितीतरी वर्षं जे लिहीत आले तेच पुन्हा लिहिलंय, ‘तोट्यात आणणे. औषध वेळेवर घेतात का, पाहणे.’